तीनशे बारा जागांचं गाणं

३ मार्च, सोमवार. तळघर क्रमांक १९ चं सहा महिन्यांचं भाडं, १,२६०, मी रोख भरलं आणि पावती घेतली. भाडं गेलं नागरी संरक्षण खात्याला. भाडेकरू म्हणजे तीन माणसांचा एक पंक बँड. त्या बँडची गायिका त्याच खात्यात मुख्य तपासनीस आहे आणि ती माझी मेहुणी लागते. स्वतःच्याच खात्याला भाडं भरणारी दुसरी बाई माझ्या पाहण्यात नाही. "फुकट वापरलं तर उद्या कुणीतरी बोट दाखवेल, भाऊजी," असं ती म्हणते, आणि पैशाची बाजू माझ्या गळ्यात टाकून मोकळी होते.

शहरात तिला सगळे मोजणीबाई म्हणतात. अणुबॉम्ब पडण्याची वेळ आली तर लोकांनी जिथे लपायचं, ती तळघरं तपासणं हे तिचं काम. अशी तेवीस तळघरं शहरात आहेत. दर वसंतात ती एकेका तळघरात उतरते. दार घट्ट बसतं का, हवेचा पंप हाताने फिरतो का, टाकीत पाणी आहे का, दिवा लागतो का, हे पाहते. शेवटी आत किती माणसं मावतील तो आकडा लिहिते. नियम माणशी पाऊण चौरस मीटरचा आहे.

"पाऊण मीटरात माणूस मावतो कसा?" मी एकदा विचारलं होतं.

"उभा राहिला तर मावतो. झोपायचं असेल तर शेजाऱ्याशी आधी बोलून घ्यावं लागतं."

ती नोकरीला लागली तेव्हा तेवीस वर्षांची होती. त्या काळात वर्तमानपत्रांत शहराचे नकाशे छापून यायचे, त्यावर गोल काढलेले असायचे. इथे बॉम्ब पडला तर इथवर काहीच उरणार नाही, इथवर आगी लागतील, इथवर काचा फुटतील. आमचं घर काचांच्या गोलात होतं आणि हिला, म्हणजे माझ्या बायकोला, त्याचं बरं वाटायचं. खात्याचं एक पत्रकही घरोघर आलं होतं. भोंगा झाल्यापासून चार मिनिटांत जवळच्या निवाऱ्यात जा, सोबत तीन दिवसांचं पाणी घ्या, खिडक्या बंद करायला विसरू नका. मेहुणीला पहिल्याच दिवशी बॅटरी, मोजपट्टी आणि किल्ल्यांचा जुडगा मिळाला. महिनाभराने तिने सगळ्या तळघरांची बेरीज केली आणि शहराच्या लोकसंख्येशेजारी लिहून पाहिली. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने गाणं लिहिलं.

गाणं असं आहे. ती ओरडते, लोक उत्तर देतात:

भोंगा झाला! चार मिनिटं!
माणसं किती? दोन लाख साठ हजार!
जागा किती? चार हजार एकशे दहा!
तू आत? नाही!
मी आत? नाही!
मग आत कोण? यादी दाखवा!

एवढंच, तीन वेळा. तीन स्वर, धावती लय, एकूण दोन मिनिटांच्या आत. "चार मिनिटांत दोनदा म्हणून होतं," असं ती अभिमानाने सांगते. मला पंकमधलं काही कळत नाही. तिने मला समजावलं होतं की या संगीतात वाजवता चांगलं येण्यापेक्षा म्हणायला काहीतरी असणं महत्त्वाचं. बँडमधले दोघे ऐकले की पहिल्या भागावर विश्वास बसतो. गिटार वाजवणारा फ्रिज दुरुस्त करतो. ड्रम वाजवणारा दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देतो. तिघे चौतीस वर्षं एकत्र आहेत, मधली अकरा-बारा वर्षं मुलंबाळं, पाठदुखी आणि कंटाळा यांत गेली. अलीकडे बातम्यांत पुन्हा क्षेपणास्त्रं दिसायला लागली आणि गाण्याला पुन्हा मागणी आली.

या गाण्याची एक रीत आहे, ती इतर कुठल्या गाण्याची असेल असं वाटत नाही. त्यातला जागांचा आकडा दरवर्षी बदलतो. मार्चअखेर खात्याचं वार्षिक पत्रक तयार होतं, त्यावर तपासनीस आणि साहेब अशा दोन सह्या होतात, आणि सही झालेला आकडाच त्या वर्षी गायचा. पहिल्या वर्षी तो पाच हजारांच्या वर होता. मग कुठल्या तळघरात मोटारी लागायला लागल्या, कुठल्यात बँकेच्या तिजोऱ्या आल्या, आणि आकडा उतरत गेला. फ्रिजवाला दरवर्षी वैतागतो. एका वर्षी चार हजार नऊशे एकोणनव्वद आलं तेव्हा तो म्हणाला होता, "ही ओळ आहे का आगगाडी? थोडी माणसं इकडेतिकडे कर ना, तालात बसेल." ती म्हणाली, "माणसं तालात बसवायची नाहीत. ताल माणसांत बसव." त्याने बसवला.

पत्रक भरायची पद्धत मात्र तिला मी शिकवली. मी वाणिज्य शाखेचा. नवी नोकरी लागल्यावर ती आमच्या जेवणाच्या टेबलावर कोरे तक्ते घेऊन बसली, तेव्हा मी सांगितलं की मागील वर्षाचा आकडा पुढे आणायचा, त्यात वाढ किंवा घट दाखवायची, आणि खाली शिल्लक काढायची. दर वेळी मुळापासून मोजत बसायचं नाही. हे बरोबरच आहे. साठा अधूनमधून प्रत्यक्ष हाताने मोजायचा असतो, हा पुढचा धडा सांगायचा राहून गेला.

११ मार्चला, मंगळवारी दुपारी, ती तळघर क्रमांक ७ तपासायला गेली. हे शिंप्यांच्या दुकानांच्या रांगेखाली आहे. पंप पाहिला, टाकी पाहिली, दिवा पाहिला. तळघराच्या शेवटी फळ्यांची एक भिंत आहे, तिला कुलूप लावलेलं दार आणि दारावर रंगवलेलं 'भांडार'. त्या कुलपाची किल्ली तिच्या आधीच्या तपासनीसांकडेही नव्हती. पाणीपुरवठा खात्याकडे असेल असं सगळे म्हणत, पाणीपुरवठा खातं म्हणे आमच्याकडे नाही. वेळ आली तर दार फोडून भांडार रिकामं करता येईल, म्हणून त्याची जागा नकाशावरून क्रमांक ७ मध्ये धरलेली होती.

ती बॅटरी विझवून निघणार, एवढ्यात भांडारातून ड्रमचा आवाज आला.

आवाज ओळखीचा होता. कवळीवाला 'चार हजार' वर नेहमी घाई करतो आणि 'एकशे दहा' ला थांबून वाट बघतो. त्याच जागी घाई, त्याच जागी थांबणं. तिने दारावर मुठीने ठोकलं. आवाज थांबला.

"कोण आहे?" आतून घाबरलेला आवाज.

"मी!"

"तू? कुठून बोलतेस?"

"सात नंबरमधून!"

"पण मी एकोणीसमध्ये आहे!"

"ते मला ठाऊक आहे. तुझ्या बाजूने दारावर काय लिहिलंय बघ."

पावलं दाराजवळ आली. मग तो म्हणाला, "भांडार."

"कुलूप?"

"आहे. मागे मी त्याला टोपी अडकवायचो."

"हल्ली कामावर नसतोस का रे मंगळवारचा?"

"कवळ्यांचं प्लास्टर वाळतंय. तू भांडारात काय करतेयस?"

"मी भांडारात नाहीये, शहाण्या. तू आहेस."

क्रमांक ७ चं दार शिंप्यांकडे, क्रमांक १९ चं दार टपाल कार्यालयामागच्या रस्त्यावर. मधे इमारतींची सलग रांग आहे, रस्त्याने फिरून जायला अकरा मिनिटं लागतात. त्यामुळे दोन्ही तळघरांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. नकाशात दोन्हीकडे एकच क्षेत्रफळ होतं, दोनशे चौतीस चौरस मीटर. एकाच वेळी बांधलेली जोड तळघरं म्हणून तेही साहजिक वाटायचं. तिने दोन्ही बाजूंनी मोजपट्टी धरली. इकडे एकशे सतरा, तिकडे एकशे सतरा. तळघर एकच होतं. सातचं भांडार म्हणजे एकोणीस आणि एकोणीसचं भांडार म्हणजे सात. नोंदवहीत ते दोनदा धरलं होतं, आणि तो आकडा मागील पानावरून पुढे येत राहिला होता. जास्तीच्या जागा तीनशे बारा.

संध्याकाळी साडेसहाला ती आमच्याकडे आली. पायांतले जाड बूट काढले, गुडघ्यांवर चुन्याचे डाग तसेच. हिने बटाटे सोलता सोलता तिच्याकडे पाहिलं.

"काय गं, कुणी मेलं का?"

"तीनशे बारा माणसं, ताई."

"अगं बाई!"

"मेली नाहीत. नव्हतीच." तिने सगळं सांगितलं. मग म्हणाली, "मुख्य तपासनीस झाल्यापासून अकरा वर्षं माझी सही आहे. अकरा वर्षं मी माईकसमोर ओरडून त्यांना आत घातलंय. लोक सोबत ओरडलेत."

"मग आता बाहेर काढ," ही म्हणाली. "त्यात एवढं काय? तसंही बॉम्ब पडल्यावर तुझं पत्रक वाचायला कोण येणारेय?"

"म्हणूनच आधी बरोबर हवं."

मी विचारलं, "साहेब काय म्हणतील?"

तिच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. चौतीस वर्षांत तिच्या कागदावर एक शेरा नव्हता, आणि ती गोष्ट तिला गाण्याइतकीच मोलाची होती. चूक कबूल केली की चौकशी होणार. चौकशी चालू असली की निवृत्तीचे कागद अडणार. आकडा तसाच पुढे नेला तर कुणाला काही कळणार नव्हतं. पण बावीस मार्चला कामगार सभागृहात त्यांचा कार्यक्रम ठरला होता, तिकिटं गेली होती, आणि तिथे तिला जागा किती ते ओरडायचं होतं.

"नवरा केला नाहीस ते बरं," ही वातावरण हलकं करायला म्हणाली. "त्याला कुठल्या तळघरात ठेवला असतास?"

"त्याला पाऊण मीटर पुरलं नसतं, ताई." ती हसली, आणि माझ्याकडे वळली. "भाऊजी, चुकीचा आकडा खोडायची पद्धत काय?"

"एक सरळ रेघ. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. खरवडायचं नाही, पांढरा रंग लावायचा नाही."

"अकरा पानं आहेत."

"अकरा रेघा मार."

तिने मारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात बसून प्रत्येक वर्षाच्या पानावर तांबड्या शाईने एकेक. या वर्षाच्या पत्रकात तीन हजार सातशे अठ्ठ्याण्णव लिहून तिने ते साहेबांच्या टेबलावर ठेवलं. ते आठवडाभर तिथेच पडून राहिलं.

मधल्या काळात तालमी झाल्या. फ्रिजवाल्याने नवा आकडा ऐकून गिटार खाली ठेवली.

"अठ्ठ्याण्णव? तोंडात जिभेची गाठ बसते. चार हजारच म्हण. गोल आकडा, ऐकायला दणदणीत, आणि दोनशेसाठी कोण भांडणारेय?"

"दोनशे दोनसाठी," ती म्हणाली. "गोल आकडा भाषणात चालतो. मी भाषण करत नाही."

"पण साहेबांनी सही केली नाही तर? आपला नियम काय? सही झालेलाच गायचा."

नियम तिचाच होता, त्यामुळे ती अडकली. कवळीवाला म्हणाला, "मग ते गाणंच नको या वेळी." दोघांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो लगेच ड्रमचे स्क्रू घट्ट करायला लागला.

एकोणीस तारखेला, बुधवारी, साहेबांनी तिला बोलावलं. त्यांच्यात काय झालं ते मला तिनेच सांगितलं, आणि साहेबांनी पुढे कुणापाशी नाकारल्याचं ऐकिवात नाही. साहेब तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, स्वभावाने वाईट नाहीत, फक्त घाबरट.

"मॅडम, बसा. हे बघा, चूक तुमच्या आधीपासूनची आहे. यंदा जुना आकडा जाऊ दे. तुम्ही नोव्हेंबरात सन्मानाने जा. पुढच्या वर्षी नवा तपासनीस येईल, त्याला आपोआप सापडेल."

"त्याला नाही सापडणार. तो ड्रम वाजवत नसेल."

"तुम्ही स्वतःचंच नुकसान करताय. मला चौकशी लावावी लागेल."

"लावा. मी नाही म्हणतच नाहीये."

"मग हट्ट कसला?"

तिने फाईलमधून दोन कागद काढले. दोन्ही यंदाची पत्रकं, नीट टंकलेली. एकावर चार हजार एकशे दहा, दुसऱ्यावर तीन हजार सातशे अठ्ठ्याण्णव. दुसऱ्यावर तिची सही होती, पहिल्यावर नव्हती.

"शनिवारी मला आकडा लागतो, साहेब. चौतीस वर्षं मी सही झालेला आकडा गाते. तुम्हाला पहिला बरोबर वाटत असेल तर त्यावर तुमची एकट्याची सही करा. मी तोच गाईन, आणि पुढे एक ओळ जोडीन, 'सही साहेबांची'. तालात बसते, मी बघितलंय."

"हे काय, धमकी आहे का?"

"धमकी कशी? माझी सही असते तेव्हा लोक मला विचारतात, बाई, खरंच एवढ्या जागा आहेत का? तुमची असली की तुम्हाला विचारतील. तुम्ही त्यांना सात नंबरमध्ये घेऊन जा आणि दाखवा."

साहेबांनी दोन दिवस मागितले. शुक्रवारी दुपारी चारला शिपाई पत्रक घेऊन तिच्या टेबलाशी आला. तीन हजार सातशे अठ्ठ्याण्णव, दोन सह्या. सोबत दुसरा कागद, चौकशीचा आदेश. तिने दोन्हींची पोच सही करून दिली आणि संध्याकाळी तालमीला गेली.

बावीस तारखेचा कार्यक्रम पाच वाजता होता. सभागृहात दोनशे खुर्च्या, त्या कुणी वापरल्या नाहीत, सगळे उभे. निम्मे लोक तिच्या वयाचे, पोट सुटलेले, काळे सदरे घट्ट झालेले. निम्मे विशीतले. ही आणि मी मागच्या भिंतीशी. हिने कानांत कापूस घातला होता आणि पर्समध्ये माझ्यासाठीही आणला होता.

सातवं गाणं हे होतं. पहिला ठोका पडताच सभागृह हललं. भोंगा झाला! चार मिनिटं! माणसं किती? दोन लाख साठ हजार! तिने विचारलं, "जागा किती?" आणि दोनशे जण एका आवाजात ओरडले, चार हजार एकशे दहा! सगळ्यांना पाठ होतं. तिने घसा ताणून खरा आकडा म्हटला, पण तो त्या आवाजाखाली दबून गेला. गाणं पुढे सरकलं. कवळीवाला तर जुन्याच आकड्यावर थांबला.

तिने हात वर केला. फ्रिजवाल्याने तारांवर पंजा ठेवला. सगळं एकदम बंद पडलं, मधेच. समोरच्या पोरांना वाटलं वीज गेली.

"आकडा बदललाय," ती माईकमध्ये साध्या आवाजात म्हणाली. "तीन हजार सातशे अठ्ठ्याण्णव. शिंप्यांखालचं तळघर आणि टपालामागचं तळघर एकच आहे. दोनदा मोजलं होतं. त्यातली अकरा वर्षं माझी सही होती. चूक माझी."

कुणीतरी पुढून ओरडलं, "म्हणजे तीनशे बारा माणसं कुठे गेली?"

"कुठेच नाही. त्यांना आत जागा नव्हतीच. तुम्हालाही नाहीये. मलाही नाही, तपासनीस असूनसुद्धा. आता पुन्हा सुरुवातीपासून. जीभ अडखळली तरी चालेल, आकडा चुकवू नका."

थोडे हसले. बरेचसे हसले नाहीत. माझ्या शेजारी एक बाई उभी होती, ती बोटांवर काहीतरी मोजत होती, बहुधा घरातली माणसं. मग ठोका पडला. 'जागा किती' ला पहिल्यांदा अर्धे लोक अठ्ठ्याण्णववर घसरले, दुसऱ्यांदा थोडे, तिसऱ्यांदा सगळ्यांनी शब्द न् शब्द स्वच्छ म्हटला. फ्रिजवाल्याने त्या आकड्यासाठी दोन ठोके वाढवले होते, आणि ओळ खरोखरच आगगाडीसारखी धडधडत गेली. मग आत कोण? यादी दाखवा! हिने कापूस काढला होता. ती ओरडत होती. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, मी तिला ओरडताना पुष्कळदा पाहिलं आहे, पण इतर लोकांच्या बरोबरीने कधी नाही.

कार्यक्रमानंतर मेहुणी मागच्या खोलीत टॉवेलने मान पुसत होती. मी म्हणालो, "चौकशीत हे बोलणं तुझ्याविरुद्ध जाईल. दोनशे साक्षीदारांसमोर कबुली दिलीस."

"कबुली अकरा रेघा मारून आधीच लेखी दिलीय, भाऊजी. आज नुसती चाल लावली."

चौकशी दीड महिना चालली. तीन बैठका झाल्या, प्रत्येकीला ती वेळेआधी दहा मिनिटं हजर. दुसऱ्या बैठकीत चौकशी अधिकारी स्वतः सात नंबरमध्ये उतरले. तिने फळ्यांचं दार आधीच काढून ठेवलं होतं. ते एका टोकाने आत शिरले, दुसऱ्या टोकाने टपाल कार्यालयामागे बाहेर आले, आणि रस्त्यावर उभं राहून बराच वेळ इकडेतिकडे पाहत राहिले. क्रमांक १९ नोंदवहीतून वगळण्यात आला. उरलेली बावीस तळघरं यंदा मोजपट्टीने नव्याने मोजायचा आदेश निघाला, आणि ते काम नोव्हेंबरपर्यंत तिच्याकडेच देण्यात आलं. आतापर्यंत चौदा झाली आहेत. त्यातल्या एकात नऊ जागा जास्त निघाल्या. फ्रिजवाल्याला तिने ते फोन करून कळवलं.

तिच्या सेवापुस्तिकेत ताकीद नोंदवली गेली. चौतीस वर्षांतला तो पहिला शेरा. तिने पान मला दाखवलं. "अक्षर छान आहे," एवढंच म्हणाली. निवृत्तीचे कागद अडले नाहीत.

एक तळघर दोन क्रमांकांखाली तपासलं, म्हणजे अकरा वर्षं एका तपासणीचा भत्ता जास्त उचलला, असं चौकशीने धरलं. वर्षाला छत्तीसप्रमाणे तीनशे शहाण्णव. ही वसुली तिच्या पगारातून दरमहा तेहेतीस अशी चालू आहे. तीन हप्ते कापले गेले. दोनशे सत्त्याण्णव बाकी आहेत.